अक्षय तृतीयेची फळी आणि श्रावणातला फुगवटा

‘सागवान आहे, शिवाय गोंदाने जमिनीला चिकटवलंय, मग हलायचा प्रश्नच नाही.’ इंदूरमध्ये घराला लाकडी फ्लोअरिंग करून घेताना दुकानदार, कारीगर आणि घरमालक हे वाक्य एकमेकांना ऐकवत असतात. त्यातला सागवानाचा भाग थोडाफार खरा आहे, गोंदाचा मात्र साफ चुकीचा.

लाकडाच्या पेशींच्या भिंती मुख्यतः सेल्युलोजच्या लांब साखळ्यांच्या असतात. या साखळ्यांवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात आणि पाण्याचे रेणू तिथे हायड्रोजन बंधाने अडकतात. पाणी साखळ्यांच्या जुडग्यांमध्ये शिरलं की जुडगी एकमेकांपासून सरकतात आणि भिंत जाड होते. ओलं लाकूड वाळताना आधी पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी जातं, तोवर आकार बदलत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या २८-३० टक्क्यांखाली गेला की भिंतीतलं पाणी निघू लागतं आणि आकुंचन सुरू होतं. पुढे ते लाकूड कायम हवेच्या मागे धावतं. हवेची सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर त्याचा ओलावा हळूहळू साडेचार टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, आर्द्रता ८० टक्के असेल तर १५-१६ टक्क्यांवर. झाड तोडून किती वर्षं झाली, याने यात काही फरक पडत नाही.

जुडगी बहुतांशी खोडाच्या लांबीच्या दिशेने असतात, म्हणून फळीची लांबी जवळजवळ बदलत नाही. बदलते ती रुंदी. तीही दोन दिशांनी वेगवेगळी: वार्षिक वलयांच्या कडेने, म्हणजे स्पर्शरेषेच्या दिशेत, सर्वांत जास्त, गाभ्याकडून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेत, साधारण निम्मी. सागवान ओलाव्याच्या दर टक्क्याला स्पर्शरेषेच्या दिशेत सुमारे ०.१९ टक्के हलतं, व्हाइट ओक सुमारे ०.३७ टक्के. सागवानाची ख्याती इथून आलेली आहे. पण निम्मं हलणं म्हणजे न हलणं नव्हे.

आता हे आकडे इंदूरच्या हवेत ठेवून पाहू. एप्रिल-मेच्या दुपारी इथली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते, ऑगस्टात ऐंशीच्या वर जाते. घरातलं पॉलिश केलेलं लाकूड ही दोन्ही टोकं गाठत नाही, कारण त्याला ओलावा घ्यायला-सोडायला आठवडे लागतात. तरी ७ ते १३ टक्के हा फेरा धरून चालावं. सहा टक्क्यांच्या फरकाने १२५ मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी सुमारे १.४ मिलिमीटर फुगते, ओकची २.७. तीन मीटर रुंद खोलीत अशा २४ फळ्या बसतात. त्या मोकळ्या असत्या तर सागवानाची जमीन ३३ मिलिमीटर वाढली असती आणि ओकची ६५ हून जास्त. भिंतीलगत सोडलेल्या दोन्हीकडच्या १२ मिलिमीटरच्या फटींत यातलं काहीच मावत नाही.

त्यातून कूलरचा विचार कोणी करत नाही. पाण्याचा कूलर चालणाऱ्या खोलीत मे महिन्यातही आर्द्रता सहज साठ टक्क्यांपर्यंत पोचते, शेजारच्या एसीच्या खोलीत ती त्याहून कितीतरी कमी असते. एकाच घरात, एकाच गठ्ठ्यातल्या फळ्या दोन खोल्यांत दोन प्रकारे वागतात आणि दोष सुताराला लागतो.

इथे मुहूर्ताचं सांगितलंच पाहिजे. वास्तुशांत अक्षय तृतीयेला धरली की जमीन चैत्रात, ऐन कोरड्या हवेत, घट्ट ठोकून बसवली जाते. दसरा धरला तर पावसाळ्यात ओलावा प्यालेल्या फळ्या बसतात आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्यामध्ये फटी पडतात. साडेतीन मुहूर्तांना फळीतला ओलावा ठाऊक नसतो. तो मीटरला कळतो. ‘फळ्या आठ दिवस खोलीत ठेवल्या की झालं’ हाही तसाच तोडगा. प्लास्टिकमध्ये बांधलेला गठ्ठा महिनाभर ठेवला तरी आतला ओलावा फारसा बदलत नाही. गठ्ठे सोडायचे, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून हवा खेळती ठेवायची आणि सुयांच्या मीटरने निरनिराळ्या फळ्या तपासायच्या. मीटरला लाकडाची जात सांगावी लागते, नाहीतर आकडा चुकतो. इंदूरसाठी फेऱ्याच्या मधला आकडा, म्हणजे ९-१० टक्के, धरावा. भारतीय मानक २८७ मध्येही हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून लाकडातल्या ओलाव्याच्या मर्यादा दिल्या आहेत.

चैत्रातल्या घट्ट फळ्यांचं श्रावणात काय होतं, ते या सगळ्यातलं सर्वांत रंजक प्रकरण आहे. फळी फुगू पाहते, पण शेजारणी जागा देत नाहीत. फुगवटा एक टक्क्याच्या वर, आणि आडव्या दिशेने लाकूड साधारण एक टक्क्याच्या आतच कायमचं दबतं. कडेच्या पेशी चेपतात, पुन्हा उभ्या राहत नाहीत. दिवाळीनंतर फळी वाळते आणि मूळच्या ओलाव्यावर परत येते, पण रुंदी मूळची राहत नाही. ती कमी भरते. म्हणजे जी जमीन मे महिन्यात बिनफटीची होती, तिच्यात पुढच्या मेमध्ये फटी दिसतात, हवा तीच असूनही. लोक म्हणतात लाकूड कच्चं होतं. लाकूड पक्कंच होतं, त्याला चेपलं गेलं. या फटी लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरून काढल्या तर पुढच्या पावसाळ्यात आणखी पेशी चेपतात.

मग गोंदाचं काम काय? प्रत्येक फळीची हालचाल तिच्या स्वतःच्या जागेपुरती ठेवणं, म्हणजे २४ फळ्यांची बेरीज एका भिंतीशी जमा होत नाही. त्यासाठी थर लवचिक हवा. पॉलियुरेथेन किंवा सिलेन-पॉलिमरचा गोंद वाळल्यावरही रबरासारखा राहतो. फळीच्या कडा अर्धा-पाऊण मिलिमीटर सरकतात आणि तो तिरपा ताणला जातो. सुताराचा पांढरा गोंद इथे चालत नाही, कारण त्यातलं पाणी फळीच्या पोटात जातं. पॉलियुरेथेनचं उलट: त्यातले आयसोसायनेट गट हवेतल्या पाण्याशी क्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि युरियाचे बंध तयार होऊन गोंद घट्ट होतो. म्हणून पावसाळ्यात त्यावर साय लवकर धरते आणि फळी ठेवायला वेळ कमी मिळतो. हातमोजे आणि उघड्या खिडक्या हव्यातच, आयसोसायनेट फुप्फुसांना त्रासदायक असतात.

खालचा कोबा हा वेगळाच विषय. २८ दिवसांत काँक्रीटला ताकद येते, कोरडेपणा नाही. एकाच बाजूने वाळणारा १० सेंटिमीटरचा स्लॅब काही महिने घेतो. माळव्याच्या काळ्या मातीवर, प्लास्टिक न अंथरता केलेल्या तळमजल्याच्या जमिनीत ओल खालून चढतच राहते. दीड फूट चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून १६ तास ठेवावं. खाली थेंब किंवा काळसर डाग दिसला तर थांबावं. थेंब दिसला नाही म्हणून खात्री होत नाही, खरी मोजणी स्लॅबच्या ४० टक्के खोलीवर आर्द्रतामापक घालून होते. आकडा गोंदाच्या डब्यावरच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर दोन घटकांच्या इपॉक्सीचे हात आधी द्यावेत. मग सपाटी: सहा फुटी ॲल्युमिनियमच्या पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त उजेड दिसू नये. उंचवटे घासायचे, खळगे सेल्फ-लेव्हलिंगने, म्हणजे आपोआप सपाट पसरणाऱ्या मिश्रणाने, भरायचे. जुन्या गुळगुळीत कोटा फरशीवर पॉलिश आणि मेण खरवडून दाणा उघडा केल्याशिवाय गोंद धरत नाही.

गोंद दातेरी थापीने ओढायचा, चौरस मीटरला साधारण एक किलो, तेही पुढच्या अर्ध्या तासात झाकता येईल एवढाच. अधूनमधून एखादी बसवलेली फळी उचलून पाहावी; पोटाचा ८० टक्क्यांहून कमी भाग माखलेला असेल तर थापीचे दाते झिजलेत किंवा जमीन सपाट नाही. तिथेच पुढे पोकळ आवाज येतो. शेजारच्या ओळींतले टोकाचे सांधे किमान १५ सेंटिमीटर मागेपुढे ठेवावेत. भिंतीलगतच्या फटीत गोंद किंवा सिमेंट शिरू देऊ नये. स्कर्टिंग भिंतीला ठोकायची, फळीला नव्हे.

पावसाळ्यात फळ्यांच्या कडा वर आणि मध्य खाली झालेला दिसला, तर ओलावा वरच्यापेक्षा खालच्या बाजूला जास्त आहे. तेव्हा घासायचं यंत्र मुळीच लावू नये. कडा घासून जमीन सपाट केली की हिवाळ्यात खालची बाजू वाळते, कडा खाली जातात आणि प्रत्येक फळी मध्यावर उंच राहते. आधी ओल कुठून येते ते शोधायचं: नळाचा सांधा, बाथरूमची भिंत, बागेच्या बाजूचा जोता. ते बंद करून मीटरवर वरचा आणि खालचा आकडा जवळ येईपर्यंत थांबायचं. पुष्कळदा घासायची गरजच उरत नाही.