सिनाईला निघताना स्वेटर का घ्यावा?

हिवाळ्यात इजिप्तला जायचे ठरले की बॅग भरताना बहुतेक घरांत एकच तर्क लढवला जातो: देश वाळवंटी आहे, उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जानेवारीत सुती कपडे पुरेत. लक्सरच्या दुपारी हा तर्क खपूनही जातो, कारण तिथे त्या महिन्यात २२-२३ अंश सेल्सिअस तापमान असते. परंतु सहलीत सिनाईचा डोंगर असेल, तर हाच तर्क अंगाशी येतो. सेंट कॅथरीनचा मठ सुमारे १५५० मीटर उंचीवर आहे आणि सूर्योदय पाहण्यासाठी लोक मध्यरात्रीनंतर ज्या जबल मूसावर चढतात, त्याचे शिखर २२८५ मीटरवर आहे. जानेवारीतल्या पहाटे तिथे पारा शून्याखाली जातो. एखाद्या वर्षी बर्फही पडतो. वाटेवरच्या टपऱ्यांत बेदुइन, म्हणजे वाळवंटातले अरब टोळीवाले, चहाबरोबर घोंगड्या भाड्याने देतात, ते उगीच नव्हे.

थंडीचा काही भाग उंचीमुळे आहे, हे उघड आहे. दर किलोमीटर चढाईमागे हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. पण वाळवंटी रात्रीचा खरा कारभार वेगळाच आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

‘वाळू लवकर तापते आणि लवकर निवते’ हे आपण शाळेत शिकलेलो असतो. ते बरोबर आहे, परंतु त्यातून एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही: निवताना ती उष्णता जाते कुठे? हवा उष्णतेची मंद वाहक आहे, त्यामुळे तिच्यातून वहनाने फारशी उष्णता जाऊ शकत नाही. ती जाते प्रारणाच्या (रेडिएशनच्या) रूपाने, थेट वर. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण सतत बाहेर टाकत असते. दहा अंश तापमानाची जमीन दर चौरस मीटरमागे सुमारे ३६० वॅट ऊर्जा अशी उधळते. दिवसा सूर्य ही तूट भरून काढतो. रात्री ते काम फक्त वातावरणाला करावे लागते, कारण वातावरणही खाली जमिनीकडे अवरक्त किरण पाठवत असते.

इथेच पाण्याची वाफ महत्त्वाची ठरते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू अवरक्त किरणांना जवळजवळ अडवत नाहीत. बाष्प अडवते, हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ पासूनच्या प्रयोगांत दाखवून दिले. जमिनीचे प्रारण १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत तीव्र असते. बाष्प ८ मायक्रोमीटरच्या अलीकडचे आणि १८ च्या पलीकडचे किरण जोरकसपणे शोषते, कार्बन डायऑक्साइड १५ च्या आसपासचे शोषतो, आणि साधारण ८ ते १३ यांच्या दरम्यान, ओझोनची एक अरुंद पट्टी वगळता, एक खिडकी उघडी राहते. दमट हवेत भरपूर बाष्प असल्याने ही खिडकीही बरीचशी झाकली जाते, आणि ढग आले तर ती बंदच होते. मुंबईवर रात्री बाष्पाची ही गोधडी असते. सिनाईवर ती नसते. कोरड्या, निरभ्र आकाशाकडून जमिनीला परत मिळणारी ऊर्जा इतकी तोकडी असते की दर चौरस मीटरमागे सुमारे १०० वॅटची निव्वळ तूट पडते, आणि डिसेंबरअखेरीस ही तूट जवळजवळ पावणेचौदा तासांच्या रात्रीत साचत जाते.

खालून मदत मिळेल म्हणावे, तर कोरड्या वाळूच्या कणांमध्ये हवा भरलेली असते आणि खालची उष्णता वर यायला वेळ लागतो. रात्री उशिरा वाळूवर तळहात ठेवला तर ती गारठलेली लागते. तोच हात मनगटापर्यंत आत खुपसला तर बोटांना दिवसाची ऊब लागते. अठराव्या शतकात अलाहाबादकडे मातीच्या उथळ भांड्यांत पाणी भरून ती वाळलेल्या धाटांच्या थरावर रात्रभर उघड्यावर ठेवत आणि पहाटे बर्फ गोळा करत, असे वर्णन रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये केले आहे. युक्ती तीच: वर मोकळे आकाश, खाली उष्णतारोधक थर. निफाडचे द्राक्ष बागायतदार कडाक्याच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, तेव्हा त्यांची झुंजही याच तुटीशी असते.

चांदण्यात झोपले की थंडी बाधते, असे आपल्याकडे अजून सांगितले जाते. चांदण्यात थंडावा देणारा कोणताही गुण नाही. चांदणे स्वच्छ पडते ते आकाश निरभ्र असल्यामुळे, आणि थंडीही त्याच कारणाने पडते. अमावास्येची निरभ्र रात्र तितकीच गार असते.

हे लक्षात घेतले की तयारीतल्या काही गोष्टी आपोआप ठरतात. वाळवंटात मुक्काम करायचा असेल, तर उघड्यावर झोपण्यापेक्षा तंबूत किंवा पुढे आलेल्या कड्याखाली झोपावे, कारण तेवढे आकाश झाकले जाते. जड, गार हवा ओघळून खोलगट भागात साचते, म्हणून तळापेक्षा किंचित वरची जागा बरी. मात्र कोरड्या नदीपात्रात तंबू टाकू नये, याला दुसरेही कारण आहे. सिनाईत हिवाळ्यातच पाऊस येतो आणि अचानक लोंढा वाहतो. अंथरुणाखाली जाड चटई, डोक्याला कानटोपी, हातमोजे आणि एका जाड कोटाऐवजी दोन-तीन पातळ थर घ्यावेत, कारण सूर्य वर येताच जमीन झपाट्याने तापू लागते आणि उतरताना एकेक थर काढावा लागतो. कोरड्या हवेत घाम जाणवत नाही, म्हणून तहान लागली नाही तरी पाणी पीत राहावे.