पार्श्वभूमी : मिरज–लोंढा मार्गाचे लोखंडी पूल आणि मीटर गेज

1876–78 च्या दुष्काळानंतर धान्य पोचवण्यासाठी रेल्वे हवी, हे सरकारला पटले. 1880 च्या दशकात हाती घेतलेल्या पुणे–मिरज–बेळगाव–लोंढा मार्गाला कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा ओलांडायच्या होत्या. खर्च वाचावा म्हणून रूळ मीटर गेजचे, 1000 मिमी अंतराचे घातले. वाद या निर्णयाचा आहे. हलके इंजिन म्हणजे हलका गर्डर, म्हणजे पुलाची लोखंडी तुळई, आणि ती बचत पुढच्या पिढ्यांनी फेडली.

1971 मध्ये मिरजेपर्यंत ब्रॉडगेज, म्हणजे रुंद अंतराचे रूळ आले. बेळगावकडचा मार्ग मात्र 1990 च्या दशकापर्यंत मीटर गेजच राहिला. तोवर मिरजेत प्रवासी गाडी बदलत आणि माल एका वाघिणीतून दुसरीत चढे. सीमाभागाने हा भुर्दंड दोन दशके सोसला.

मीटर गेजचे ब्रॉडगेज करताना पूल का बदलावे लागले, यावर ‘ते जुने, कमकुवत झाले होते’ एवढेच सांगितले जाते. ते अपुरे आहे. कैचीच्या, म्हणजे ट्रसच्या पुलात प्रत्येक रुळाखाली लांबीच्या दिशेने एक तुळई असते; तिचा भार आडव्या तुळया कैचीच्या खालच्या सांध्यांवर नेतात. ब्रॉडगेज 1676 मिमीचे, म्हणून प्रत्येक रूळ 338 मिमी बाहेर सरकतो आणि खालच्या तुळईवरून उतरतो. कैची धडधाकट असली तरी रुळांखालच्या तुळया नव्याने बसवाव्या लागतात. रूळ कैचीच्या आतून जात असतील तर रुंद डब्यांना बाजूची आणि माथ्याची जागाही पुरत नाही. शिवाय आसाचा भार, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर येणारे वजन, सुमारे 13 टनांवरून 22 टनांच्या वर जातो. जुने घडीव लोखंड वेल्डिंगला भरवशाचे नसते, त्यामुळे बळकटीच्या जोडपट्ट्या रिव्हेट किंवा बोल्टनेच बसवाव्या लागतात. एवढे करण्यापेक्षा नवा गर्डर स्वस्त पडतो.

जुन्या पुलात पहिला बिघाड बहुधा टेकूच्या रोलरवर, म्हणजे खांबावर गर्डर सरकू देणाऱ्या रुळांवर नव्हे तर लोखंडी दंडगोलांवर दिसतो. 30 मीटरचा गर्डर तापमान 30 अंशांनी चढले की सुमारे 11 मिमी लांबतो. रोलर धुळीने जाम झाले तर तो रेटा खांबाच्या माथ्यावर येऊन दगड तडकतो. सैल रिव्हेट हातोडीच्या ठोक्याला बद्द वाजते, डोक्याभोवती तांबूस ओघळ दिसतो.

दुहेरीकरणात, म्हणजे दुसरा मार्ग टाकताना, जुन्या पुलाशेजारी नवा पूल उभा केला तर दोन्हींचे खांब प्रवाहाच्या एका रेषेत यायला हवेत. नाहीतर पुरात भोवरे होऊन पायाजवळची माती खरवडली जाते.