बेळगाव–मुंबई विमानप्रवास: अंतर तेच, वेळ मात्र बदलत गेली

बेळगाव ते मुंबई हवाई अंतर सुमारे ४०० किलोमीटर, बेळगाव ते बंगळूर साधारण ४४५. रस्त्याने दोन्हीकडे पाचशेच्या आसपास. गाव असं दोन राजधान्यांच्या जवळपास मधोमध पडतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत इथल्या माणसाची राजधानी मुंबई होती. राज्य पुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि सरकारी कामाचा रस्ता दक्षिणेकडे वळला. पाहुणे, सोयरिकी, नोकरी-धंदा मात्र पुण्या-मुंबईकडेच राहिले. सीमाभागात विमानाच्या वेळापत्रकाची चर्चा एवढ्या पोटतिडकीने होते ती त्यामुळेच.

बेळगावचा विमानतळ सांबऱ्याला. तिथली धावपट्टी या सगळ्याच्या आधीची. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिशांच्या हवाई दलाने ती बांधली. स्वातंत्र्यानंतर तळ भारतीय हवाई दलाकडे आला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी इथूनच उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. गावाच्या पूर्वेला जेमतेम दहा किलोमीटरवर धावपट्टी असूनही सामान्य माणसाला तिचा उपयोग कित्येक वर्षं नावापुरताच होता. त्याचा प्रवास रेल्वेचा. पुणे–मिरज ब्रॉडगेज झाल्यावरही मिरजेच्या पुढं मीटरगेजच होतं, त्यामुळे ट्रंका आणि गाठोडी घेऊन मिरजेला गाडी बदलणं आलंच. ते १९९० च्या दशकात थांबलं.

धावपट्टी २,३०० मीटरपर्यंत वाढवून नवीन टर्मिनल सप्टेंबर २०१७ मध्ये खुलं झालं. त्याच सुमारास हुबळीचा विमानतळही सुधारला आणि पुढच्या वर्षी बेळगावची काही उड्डाणं तिकडं गेली. शंभर किलोमीटरही दूर नसलेल्या शेजाऱ्याने घास पळवावा, तशी ती सल अजून आहे. २०१९ मध्ये छोटी शहरं विमानाने जोडण्यासाठी कंपन्यांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेच्या तिसऱ्या फेरीत बेळगावची वर्णी लागली. मुंबईबरोबरच हैदराबाद, अहमदाबाद, तिरुपतीही जोडले गेले. योजनेतलं अनुदान तीन वर्षांपुरतं. ते संपलं की कंपनी हिशेब मांडते आणि मार्ग कधीही गुंडाळला जाऊ शकतो. माझ्या मते बेळगावची खरी अडचण इथंच आहे. अंतराचा त्यात काही दोष नाही.

आता वेळेचं. पंख्याचं एटीआर विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं. त्या हिशेबाने ४०० किलोमीटरला पाऊण तास पुरे. छोटं एम्ब्रेअर जेट त्याहून वेगवान. तरी तिकिटावर सव्वा तास दिसतो, कारण ती वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून उतरून पुन्हा उभं राहीपर्यंतची असते. मुंबईवर गर्दी असली की घिरट्या घालाव्या लागतात, तीही सोय त्यात धरलेली असते. त्यात सांबऱ्याला तासभर आधी पोचणं आणि उतरल्यावर अंधेरी-कुर्ल्याची कोंडी मिळवली, तरी रात्रभराच्या बसपेक्षा निम्म्याहून कमी वेळ लागतो.

अर्थात सगळ्या सीमाभागाला सांबरा जवळ नाही. निपाणीकराला कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ सोयीचा. खानापूरकर गोव्यातल्या दाबोळी विमानतळाचाही विचार करतो, आणि २०२३ च्या सुरुवातीला गोव्यातलाच मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून बेळगावचेही कितीतरी जण घाट उतरून तिथं जातात. तिथून विमानं जास्त, म्हणून तिकीटही बरेचदा स्वस्त पडतं.