रुईस, कार्लोस

रुईस, कार्लोस : (१५ सप्टेंबर १९७९ – ). ग्वाटेमालाचा व्यावसायिक फुटबॉलपटू, आघाडीफळीतील खराखुरा ‘गोलकर्ता’. पूर्ण नाव कार्लोस उंबेर्तो रुईस गुतिएरेस. जन्म ग्वाटेमाला सिटी येथे. ‘एल पेस्कादितो’ हे त्याचे टोपणनाव. स्पॅनिशमध्ये पाण्यातल्या जिवंत माशाला ‘पेस’ म्हणतात, तर पकडून बाजारात आलेल्याला ‘पेस्कादो’. म्हणजे आपल्या मासा आणि मासळी या जोडीसारखाच हा भेद. त्यामुळे टोपणनावाचा अर्थ ‘छोटा मासा’ असा दिला जात असला, तरी ‘छोटी मासळी’ हा अधिक नेमका ठरेल.

मुनिसिपाल या राजधानीतील संघातून पुढे येऊन २००२ मध्ये तो अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमधील लॉस एंजेलिस गॅलेक्सीकडे गेला. पहिल्याच हंगामात २४ गोल करून तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्या काळी लीगची अधिकृत क्रमवारी मात्र गोलला दोन व गोलसाहाय्याला (सहकाऱ्याच्या गोलसाठी चेंडू पुरवण्याला) एक गुण धरून लावत. त्या हिशेबात न्यू इंग्लंड संघाचा, २३ गोल करणारा टेलर ट्वेलमन गोलसाहाय्ये अधिक असल्याने पुढे राहिला. म्हणून ‘२००२ चा अव्वल’ कोण, याची उत्तरे निरनिराळी मिळतात. निव्वळ गोल मोजायचे तर रुईसच. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला फॉक्सबरो येथे ६१,३१६ प्रेक्षकांसमोर न्यू इंग्लंडविरुद्धचा लीगचा अंतिम सामना ०–० असा जादा वेळेत गेला. ११३ व्या मिनिटाला रुईसने जवळून चेंडू जाळ्यात टाकला. ‘गोल्डन गोल’चा नियम असल्याने सामना तिथेच संपला आणि गॅलेक्सीला पहिले विजेतेपद मिळाले. २००५ मध्ये लँडन डोनोव्हनला संघात आणण्याच्या व्यवहारात तो डॅलसकडे गेला. पुढे टोरोंटो, पॅराग्वेचा ओलिंपिया, मेक्सिकोतील पुएब्ला, ग्रीसचा आरिस, फिलाडेल्फिया इत्यादी संघांतून तो खेळला.

राष्ट्रीय संघासाठी १३३ सामन्यांत ६८ गोल, ही मध्य अमेरिकेतील कोणत्याही देशाच्या खेळाडूपेक्षा मोठी संख्या. त्यांपैकी ३९ विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांतले, म्हणजे निम्म्याहून अधिक. इराणच्या अली दाईचा ३५ गोलांचा विक्रम त्याने मागे टाकला. २०२५ मध्ये पोर्तुगालच्या क्रिस्तियानो रोनाल्डोने ४१ गोलांपर्यंत मजल मारून तो आपल्याकडे घेतला. उत्तर व मध्य अमेरिका–कॅरिबियन गटात पात्रतेच्या फेऱ्या अनेक असतात आणि सुरुवातीला लहान बेटांचे दुबळे संघ समोर येतात, म्हणून या आकड्याचे मोल कमी लेखणारे आहेत. आक्षेप खोटा नाही. परंतु पाच पात्रता स्पर्धांत टिकून राहणे, तेही ज्या संघाला विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत कधीच पोहोचता आले नाही त्याच्यासाठी, हे केवळ दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या जोरावर होत नाही.

६ सप्टेंबर २०१६ रोजी ग्वाटेमाला सिटीत सेंट व्हिन्सेंट व ग्रेनेडीन्सविरुद्ध तो राष्ट्रीय संघातर्फे अखेरचा खेळला. ग्वाटेमालाने ९–३ असा विजय मिळवला. त्यांतले पाच गोल रुईसचे. पुढची फेरी तरीही हुकली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत फिफाने ग्वाटेमालाचा फुटबॉल महासंघ निलंबित केला. ते निलंबन २०१८ मध्ये उठले.