ऑनलाइन प्रेमाचा सापळा आणि लाजेपायी गेलेले तास

लंडनचा डॉक्टर, दुबईचा इंजिनिअर, सीमेवरचा मेजर. ऑनलाइन प्रेमाचे नाटक करून पैसे उकळणारे भामटे असे वेष घेतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे यातला तिसरा वेष जास्त खपतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावातच असल्याने वर्दीवरचा इथला विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. शिवाय वर्दीने भामट्याची एक अडचण आपोआप सुटते. ‘पुढच्या चौकीवर आहे, व्हिडिओ कॉलला परवानगी नाही’ असे म्हटले की तोंड दाखवायचा प्रश्नच मिटला. फोटो बहुधा कुणा खऱ्याच जवानाच्या फेसबुकवरून उचललेला असतो. गल्लीतल्या एखाद्या माजी सैनिकाला तो फोटो आणि चार मेसेज दाखवावेत. हुद्दा, बिल्ला आणि युनिट यांचा मेळ बसतो का, हे त्याला चटकन कळते. रजा मंजूर करायला जवानाच्या मैत्रिणीकडून फी मागणारे सैन्य तर कुठेच नाही.

पैशाचा विषय सहसा सुरुवातीला निघत नाही. ओळख वधू-वर संकेतस्थळावर किंवा फेसबुकवर होते आणि लगेच व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर नेली जाते, म्हणजे खोटे प्रोफाइल बंद पाडणाऱ्यांची नजर राहत नाही. मग काही आठवडे, कधी काही महिने नुसती विचारपूस. जेवलीस का, बीपीची गोळी घेतली का. संवादशास्त्राचे अमेरिकी अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी 1996 मध्ये दाखवून दिले की नुसत्या मजकुरावर वाढलेली जवळीक समोरासमोरच्या ओळखीपेक्षाही दाट होऊ शकते. लिहिणारा शब्द पारखून टाकतो आणि न दिसलेले सगळे वाचणारा आपल्या मनातल्या चांगल्या रंगांनी भरतो. हा मेंदूचा नेहमीचाच व्यवहार आहे. म्हणून ‘एवढी शिकलेली असून कशी फसली?’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही.

मग तो भेट पाठवल्याचे सांगतो, आणि पैशाची मागणी येते ती तिसऱ्याच तोंडून, सीमाशुल्क अधिकारी म्हणवणाऱ्याकडून. ‘दिल्ली विमानतळावर तुमचे पार्सल अडकलेय, आत परदेशी चलन सापडलेय.’ समजा, 28,500 रुपये भरायला सांगितले. आकडा मुद्दाम असा अडनिडा असतो. गोल रकमेपेक्षा तो पावतीवरचा वाटतो. ते भरले की दंड, मग चलन बदलण्याची फी, मग गुन्हा दाखल होण्याची धमकी. प्रत्येक वेळी ‘हा शेवटचा हप्ता’. आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. बुडीत खर्चाचा हा मोह मानसशास्त्रात चांगला अभ्यासलेला आहे. सीमाशुल्क विभाग कुणाच्या खासगी खात्यात किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही, आणि त्याच्या पत्रावर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक असतो. तो विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

अलीकडे पार्सलाऐवजी क्रिप्टो किंवा शेअर ट्रेडिंगचे ॲप पुढे केले जाते. सुरुवातीला थोडी रक्कम खरोखर काढू देतात आणि तिथेच विश्वास बसतो. त्यानंतर स्क्रीनवर फुगत जाणारा नफा म्हणजे नुसते आकडे.

पाठवलेला पैसा पहिल्या खात्यात फार काळ थांबत नाही. भाड्याने घेतलेल्या चार-पाच खात्यांतून तो फुटतो, एटीएममधून निघतो किंवा क्रिप्टोत जातो. म्हणूनच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लवकर फोन करायचा, म्हणजे पुढच्या खात्यात उरलेली रक्कम तरी गोठवता येते. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक हाताशी हवा: यूपीआयचा 12 अंकी, एनईएफटीचा 16 आणि आरटीजीएसचा 22 अक्षरांचा. ‘अनधिकृत व्यवहार तीन दिवसांत कळवला की बँक भरपाई देते’ हे अर्धेच खरे आहे. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा तो नियम ग्राहकाला न विचारता झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे ओटीपी आपणच टाकलेला असतो, त्यामुळे त्या नियमाचा आधार मिळत नाही.

नेमकी इथे घाई चुकीच्या ठिकाणी होते. घरचे ओरडतात, माणूस रागाने किंवा शरमेने सगळी चॅट उडवतो, नंबर ब्लॉक करतो, आणि पुरावाच जातो. आधी स्क्रीनशॉट, तेही सेव्ह केलेल्या नावाऐवजी पूर्ण नंबर दिसेल असे. प्रोफाइलची लिंक, कारण नाव बदलता येते. व्हॉट्सॲपची चॅट एक्स्पोर्ट. टेलिग्रामवर समोरचा दोन्हीकडची चॅट पुसू शकतो, म्हणून तिथले आधी. ब्लॉक नंतर.

बेळगाव शहर आणि जिल्हा यांची सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ गुन्ह्यांची) पोलीस ठाणी आहेत. चंदगडचा माणूस, खाते बेळगावात, पैसे गेले तिसऱ्याच राज्यात, असे सीमाभागात सर्रास होते. ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 सांगावे. हद्द कोणतीही असो, गुन्हा नोंदवावा लागतो. जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. तो वाचून समजावून घ्यावा आणि सहीपूर्वी रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक एकेक अंक ताडून बघावा.

मोनिका व्हिटी आणि टॉम ब्युकॅनन यांनी ब्रिटनमधल्या पीडितांशी बोलून जे मांडले, त्याला त्यांनी दुहेरी आघात म्हटले: पैसे गेले आणि माणूसही गेला. काहींना दुसरे नुकसान पहिल्यापेक्षा जड गेले. अस्तित्वातच नसलेल्या माणसाचा शोक कुणाजवळ करायचा? त्यात घरी टोमणे. मग झोप उडते, भूक मरते, कधी जीव नकोसा होतो. अशा वेळी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालतो. बेळगावात बिम्स हे सरकारी रुग्णालय आणि धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे. घरच्यांनी त्या दिवशी हिशेब मागू नये, फोन लावून द्यावा.

आणखी एक फोन बहुतेकांना येतो. ‘तुमचे पैसे सायबर सेलने पकडलेत, सोडवायला प्रोसेसिंग फी भरा.’ फसलेल्यांचे नंबर टोळ्यांमध्ये विकले जातात, म्हणून यांना सगळा तपशील माहीत असतो. गोठवलेली मोठी रक्कम सोडवायचा मार्ग सहसा न्यायालयातून जातो: तिथे अर्ज, आदेश, आणि मग बँकेकडून आपल्याच खात्यात जमा. फोनवरच्या कुणाला त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत.