गाड्यांच्या मधून बाईक काढणं: बाहेर कायद्यात कसं आलं आणि आपल्या हायवेवर ते कुठं अडलंय

गणपतीला दोन दिवस राहिले की पळस्पे फाट्यापासून मुंबई-गोवा हायवेला जी लाईन लागते ती ज्यानं बाईकवरून बघितलीय त्याला वेगळं सांगायला नको. क्लच दाबून दाबून डावा पंजा बधिर होतो, इंजिनची धग पोटरीला लागते, बाजूला एसटीचा सायलेन्सर तोंडावर, आणि पुढं दोन कारच्या मधे बाईक आरामात जाईल एवढी जागा मोकळी दिसत असते. मग माणूस काय करणार, घालतो मधे.

आमचं पण तेच झालं. वडखळच्या पुढं चौपदरी झालेला तुकडा, दोन लाईनी ठप्प, मागे धाकटा भाऊ आणि त्याच्या मांडीवर मखराच्या सामानाची पिशवी, मी पहिल्या गिअरमधे हळूहळू काढत होतो आणि उजव्या लाईनीतल्या एका कारचं मागचं दार उघडलं, पोराला उलटी होत होती म्हणून त्याच्या आईनं घाईनं उघडलं होतं. ब्रेकची लिव्हर दाराच्या कडेला लागून वाकली, भावाचा गुडघा सोलला, पडलो नाय कारण स्पीड माणूस चालतो तेवढाच होता. ती बाई घाबरून रडायला लागली, मी सॉरी म्हटलं, पण तिचा नवरा खाली उतरून एकच वाक्य बोलला, "मधून यायचं कुठल्या कायद्यात लिहिलंय?" मला उत्तर देता आलं नाही. गावाला पोचल्यावर आरती झाली, जेवणं झाली, आणि मी हेच शोधत बसलो, ते आजपर्यंत चालू आहे.

तर पहिली गोष्ट म्हणजे याचे दोन प्रकार आहेत आणि बाहेरच्या कायद्यांत ते वेगळे धरतात. गाड्या थांबल्यात किंवा रांगताहेत आणि तुम्ही हळू पुढं सरकताय त्याला लेन फिल्टरिंग म्हणतात. आणि ट्रॅफिक चालू असताना दोन लेनच्या मधल्या पट्ट्यावरून जायचं ते लेन स्प्लिटिंग. आपण दोन्हीला गॅपातून काढणं म्हणतो आणि माझ्या मते निम्मा घोळ तिथंच आहे.

यात कॅलिफोर्नियाचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं. तिथं बाईकवाले दशकानुदशकं हे करत होते आणि गंमत म्हणजे कायद्यात परवानगी पण नव्हती आणि मनाई पण नव्हती. कारण म्हणून नेहमी एअर-कूल्ड इंजिनचं सांगतात, म्हणजे हवा लागली तरच इंजिन थंड राहणार आणि लॉस एंजेलिसच्या उन्हात उभं राहिलं की तापणार, ज्यानं माणगावला तास काढलाय त्याला हे लगेच पटेल. २०१३ ला तिथल्या हायवे पोलिसांनी, कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलनी, मधून कसं जावं याच्या सूचना छापल्या. मग एका नागरिकानं हरकत घेतली की पोलिसांना असे नियम परस्पर करायचा अधिकार नाही, आणि २०१४ ला त्यांना त्या सूचना काढून टाकाव्या लागल्या. म्हणजे लोक करत होते ते चालूच राहिलं पण नीट कसं करायचं ते सांगणारा कागद गेला. शेवटी विधिमंडळात एबी ५१ नावाचं विधेयक आलं, ऑगस्ट २०१६ मधे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी सही केली आणि १ जानेवारी २०१७ पासून लेन स्प्लिटिंगची व्याख्या कायद्यात बसली. सुरुवातीच्या मसुद्यात वेगाचे आकडे पण होते, पण त्यावर वाद झाला आणि अंतिम कायद्यात आकडाच ठेवला नाही, सूचना करायचा अधिकार मात्र हायवे पोलिसांना रीतसर दिला.

याच्या मागे एक अभ्यास होता आणि तो मी दोनतीनदा वाचला. बर्कली विद्यापीठाचा, २०१५ चा. जवळजवळ ६,००० अपघातग्रस्त बाईकस्वारांची माहिती, त्यातले ९९७ अपघाताच्या वेळी गाड्यांच्या मधून जात होते. मधून जाणाऱ्यांत डोक्याला मार ९ टक्के लोकांना, बाकीच्यांत १७ टक्के. मृत्यू १.२ टक्के विरुद्ध ३ टक्के. हे आकडे बघून आपल्याकडचे बाईकवाल्यांचे ग्रुप लगेच नाचतात की बघा मधून जाणं सेफ आहे. पण त्याच अभ्यासात पुढं आहे की मधून जाणारे लोक फुल फेस हेल्मेट जास्त घालत होते, दारू प्यायलेले त्यांच्यात कमी होते, आणि पुढच्या गाडीला मागून ठोकायचं प्रमाण त्यांचंच जास्त होतं. आणि निष्कर्ष होता तो असा की ट्रॅफिक ताशी ५० मैलाच्या आत असेल आणि बाईक आजूबाजूच्या गाड्यांपेक्षा १५ मैलापेक्षा जास्त जोरात नसेल तरच हे त्यामानानं सुरक्षित. १५ मैल म्हणजे साधारण २४ किलोमीटर. आपल्याकडं उभ्या लाईनीतून साठनी जाणारी पोरं रोज दिसतात, त्यांना हा अभ्यास लागूच होत नाही.

मला स्वतःला ऑस्ट्रेलियाची पद्धत जास्त पटते. न्यू साउथ वेल्सनी १ जुलै २०१४ पासून फिल्टरिंग कायदेशीर केलं पण ताशी ३० किलोमीटरच्या आत, शिकाऊ लायसन्सवाल्याला नाही, शाळेच्या झोनमधे नाही, फुटपाथच्या कडेनं नाही. क्वीन्सलंडनी २०१५ ला तेच केलं आणि वर ९० किंवा जास्त मर्यादेच्या रस्त्यावर कडेच्या पट्टीवरून, म्हणजे आपण साईडपट्टी म्हणतो तिच्यावरून, ३० च्या आत जायची सोय पण लिहून दिली. हे वाचल्यावर मी थांबलोच, कारण कोकणात निम्मे बाईकवाले मधून नाही तर साईडपट्टीवरूनच जातात, तिथली खडी, चिखल, उभा ट्रक आणि पावसानं तुटलेली कड सगळं चुकवत.

फ्रान्सनी तर प्रयोग करून बघितला. फेब्रुवारी २०१६ पासून ११ जिल्ह्यांत परवानगी, पाच वर्षांनी आकडे बघितले तर त्या रस्त्यांवर बाईकचे अपघात वाढलेले, मग जानेवारी २०२१ ला बंद केलं, बाईकवाले रस्त्यावर उतरले, त्याच वर्षी ऑगस्टमधे दुसरा प्रयोग सुरू झाला आणि जानेवारी २०२५ पासून देशभर नियम झाला: ५० च्या आत, आणि बाजूची लाईन थांबलेली असेल तर ३० च्या आत, आणि फक्त मधे दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यांवर. ते दुभाजकाचं लक्षात ठेवा, त्याच्यावर पुढं येतो. अमेरिकेत युटानी २०१९ ला, मोंटानानी २०२१ ला, ॲरिझोनानी २०२२ ला आपापल्या अटींवर फिल्टरिंग आणलं.

इंग्लंडमधे हे कधी गुन्हा नव्हताच, पण तिथल्या कोर्टानी जे केलं ते आपल्याला जास्त जवळचं आहे. १९६६ चा पॉवेल विरुद्ध मूडी खटला. गाड्यांची लाईन उभी, एक बाईकवाला बाजूनं पुढं चाललेला, लाईनीतल्या दुधाच्या टँकरवाल्यानं गल्लीतून येणाऱ्या कारला हात करून वाट दिली, कार बाहेर आली आणि बाईकवर आदळली. कोर्टानं ८० टक्के चूक बाईकवाल्याची धरली. पुढं कितीतरी वर्षं असल्या खटल्यांत हाच निकाल पुढं केला जायचा. २००६ ला डेव्हिस विरुद्ध श्रोगिनमधे मात्र लाईनीतून अचानक यू टर्न मारणाऱ्या कारवाल्याची पूर्ण चूक धरली, बाईकवाल्याची काहीच नाही.

आता आपलं. देशात रस्त्यावर कसं चालवायचं ते आधी १९८९ च्या नियमावलीत होतं, २०१७ पासून मोटार वाहन ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आहेत. लेन पाळा, ओव्हरटेक उजवीकडून करा, हे सगळं आहे. पण थांबलेल्या गाड्यांच्या मधून बाईकनी किती स्पीडनी, कुठं, कधी जावं याची वेगळी परवानगी नाही. त्यामुळं ठोकर झाली की लेन मोडली हेच समोर येतं आणि अपघात दाव्यात तुमची थोडी चूक निघाली की नुकसानभरपाई तेवढ्या टक्क्यानं कापतात. आणि ज्या देशात २०२२ ला रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती तिथं दुचाकीसाठी एवढी एक ओळ नसावी याचं मला खरंच वाईट वाटतं.

बरं, आपला हायवे मुळात त्यासाठी नव्हताच. एनएच १७ म्हणजे आताचा ६६, दोन लेनचा, घाटाघाटातून जाणारा. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली, मग गावोगाव बाईक झाल्या, चाकरमानी मुंबईहून बाईकवर गावाला यायला लागले पण रस्ता तोच राहिला. दोन लेनच्या रस्त्यावर मधून जायचं म्हणजे दोन कारच्या मधून नाही, आपली लाईन आणि समोरून येणारी एसटी यांच्या मधून. कशेडीत, परशुराम घाटात वळणावर असं काढताना समोरून कंटेनर आला तर जायला जागाच नसायची. फ्रान्सनी दुभाजक का मागितला ते तिथं उभं राहिलं की कळतं. त्यात कोणीतरी शहाणा कारवाला लाईन तोडून तिसरी लाईन करतो आणि जी फट होती ती पण बुजते.

चौपदरीकरण २०११ ला पनवेल-इंदापूर टप्प्यापासून सुरू झालं, किती वर्षं रखडलं ते सगळ्यांना माहितीय, पण जिथं झालंय तिथं पहिल्यांदाच आपल्याकडं एकाच दिशेच्या दोन लेन आणि मधे दुभाजक आला. मी टेप घेऊन नाही पण साधा हिशेब केला. एक लेन ३.५ मीटर, कार साधारण पावणेदोन मीटर, म्हणजे दोन कारच्या मधे पावणेदोन मीटर उरतं, आणि बाईक आरशासकट पाऊण मीटरच्या आसपास. आरामात जाते. पण दोन्हीकडं एसटी किंवा ट्रक असला, ते अडीच मीटरच्या वर, की मधे मीटरभर पण राहत नाही. तिथं घालायचीच नाही, ट्रकचा क्लीनर खाली उतरला तरी तुम्ही चाकाखाली.

मलेशियानी सत्तरच्या दशकात फेडरल हायवेला बाईकची वेगळी लेन काढली, जगातली पहिली, आणि नंतर मोजलं तर बाईकचे अपघात बरेच कमी झाले. आपल्याकडं उलटं, अटल सेतूवर दुचाकी नाही, सी लिंकवर नाही, म्हणजे गावाला जाणारा बाईकवाला वाशी-पनवेलच्याच गर्दीत.

आणि तरी दरवर्षी नाक्यावर काय होतं, तर ड्युटीवरचा होमगार्ड स्वतः बाईकवाल्यांना हात करतो की काढा काढा मधून, कारण त्यानं पण बघितलेलं असतं की पन्नास बाईक पुढं गेल्या तर लाईन तेवढीच हलकी. मला त्याचा राग नाही, तो बरोबरच करतो. फक्त तो हात बघितला की मला तो दुधाचा टँकरवाला आठवतो. यावर्षी पण माणगावच्या अलीकडं होमगार्डनं हात केला, भाऊ मागून म्हणाला "चल ना दादा", मी डावीउजवी बघितलं, डावीकडं ट्रक, उजवीकडं एसटी. म्हटलं थांब जरा, ट्रक पुढं जाऊ दे, कार आली की काढू.