ॲल्युमिनियम ऑक्सिजनला भीक घालत नाही?

खिडक्या बदलताना दादर-माहीमच्या सोसायट्यांत हमखास ऐकू येतं: ‘ॲल्युमिनियमच घ्या, त्याची ऑक्सिजनशी अभिक्रिया होत नाही.’ धातुशास्त्राची मुलंही हे बिनदिक्कत लिहितात. खरं तर उलट आहे. 25 अंश सेल्सिअसला, एक मोल ऑक्सिजनमागे, लोखंडाचा फेरिक ऑक्साइड होताना गिब्ज ऊर्जा (ती जितकी जास्त घटते, तितकी अभिक्रियेची ओढ जास्त) सुमारे 495 किलोज्यूलने घटते; ॲल्युमिनियमचा ऑक्साइड होताना 1055ने. ओढ दुपटीहून जास्त! पण उष्मागतिकी, म्हणजे ऊर्जेचा हा हिशेब, अभिक्रियेची दिशा सांगते, वेग नाही. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर काही नॅनोमीटरचा घट्ट ऑक्साइड बसतो आणि पुढची अभिक्रिया जवळपास थांबते. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र, पोपडे सुटणारा. समुद्राकडच्या खिडकीवर पांढरी भुकटी, बारीक खड्डे दिसतात ना? तिथे खाऱ्या हवेतल्या क्लोराइडने तो थर फोडलेला असतो. ॲनोडायझिंगने, म्हणजे विजेच्या मदतीने मुद्दाम ऑक्साइड वाढवून, थर जाड होतो. तरी मीठ अधूनमधून पुसावंच लागतं.